संविधानातली सत्तेची वाटणी: कायदेमंडळ, सरकार आणि न्यायालय यांविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कायदेमंडळ कायदे करतं, कार्यकारी मंडळ ते राबवतं आणि न्यायमंडळ त्यांचा अर्थ लावतं, एवढं नागरिकशास्त्रात सगळ्यांनीच पाठ केलेलं असतं. पुढे बातम्या वाचायला लागलं की हे पाठांतर अपुरं पडतं. वटहुकूम सरकार काढतं, शेतरस्त्याच्या वादाचा निकाल तहसीलदार देतो, आमदारांचं निलंबन सर्वोच्च न्यायालय रद्द करतं. अशा गोंधळातून येणारे प्रश्न इथे घेतले आहेत. उत्तरं भारताच्या संविधानापुरती आहेत आणि उदाहरणं जमेल तिथे महाराष्ट्रातली.

संविधानात सत्ताविभाजन असं कुठे लिहिलं आहे?

थेट कुठेच नाही. सगळ्यात जवळचा आहे अनुच्छेद ५०. न्यायव्यवस्था कार्यकारी मंडळापासून वेगळी करण्यासाठी राज्याने पावलं उचलावीत, असं तो सांगतो. पण तो मार्गदर्शक तत्त्वांत आहे, म्हणजे एवढ्याच आधारावर कोर्टात दाद मागता येत नाही. तिन्ही शाखा पूर्णपणे वेगळ्या असाव्यात अशी दुरुस्ती प्रा. के. टी. शाह यांनी डिसेंबर १९४८ मध्ये संविधान सभेत मांडली होती. ती फेटाळली गेली. म्हणजे काटेकोर विभाजन लिहायचं राहून गेलं असं झालेलं नाही, ते विचार करून नाकारलेलं आहे.

१९५५ मध्ये राम जवाया कपूर खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने याचा अर्थ स्पष्ट केला. पंजाब सरकारने शालेय पुस्तकांचं प्रकाशन स्वतःकडे घेतलं, तेव्हा खासगी प्रकाशकांनी विचारलं की यासाठी कायदा कुठे केला आहे? न्यायालयाने सांगितलं की प्रत्येक सरकारी कामासाठी आधी कायदा लागत नाही. आपल्या संविधानाने सत्ताविभाजन कडक स्वरूपात स्वीकारलेलं नाही. तरी तिन्ही शाखांची कामं पुरेशी वेगळी केलेली आहेत, आणि एकीने दुसरीचं मूळ काम बळकावणं संविधानाला अभिप्रेत नाही. पुढे १९७५ मध्ये इंदिरा गांधी विरुद्ध राजनारायण खटल्याच्या निकालपत्रांत सत्ताविभाजनाचा विचार थेट संविधानाच्या मूलभूत चौकटीच्या, म्हणजे संसदेलाही मोडता न येणाऱ्या गाभ्याच्या, संदर्भात आला. पंतप्रधानांची निवडणूक न्यायालयाच्या कक्षेबाहेर नेणारी घटनादुरुस्ती तेव्हा न्यायालयाने टिकू दिली नाही.

मंत्री हे आमदार-खासदारच असतात. मग सरकार आणि कायदेमंडळ वेगळं कसं?

फारसं वेगळं नाहीच. अमेरिकेत मंत्री झालेल्या माणसाला काँग्रेसचं, म्हणजे तिथल्या संसदेचं, सदस्यत्व सोडावं लागतं. आपल्याकडे उलट आहे. सदस्य नसलेला माणूस मंत्री झाला तर त्याला सहा महिन्यांत सभागृहात यावं लागतं, नाहीतर पद जातं.

असं का केलं, याचं उत्तर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ४ नोव्हेंबर १९४८ च्या भाषणात दिलं आहे. त्यांचा मुद्दा असा होता की सरकार स्थिरही हवं आणि जबाबदारही हवं, पण दोन्ही सारख्या प्रमाणात मिळत नाहीत. अमेरिकी पद्धत स्थिरतेला झुकतं माप देते, संसदीय पद्धत जबाबदारीला. अध्यक्षीय पद्धतीत सरकारचा हिशेब ठरावीक मुदतीने होतो. संसदीय पद्धतीत तो रोज होतो आणि मुदतीनेही. रोजचा हिशेब सदस्य घेतात, प्रश्न विचारून, ठराव आणून, चर्चा करून. मुदतीचा हिशेब मतदार घेतात.

या विषयाची किल्ली मला याच भाषणात दिसते. कोणाचं काम कुठे संपतं यापेक्षा कोण कोणाला उत्तर देतं हे विचारलं की आपली व्यवस्था लवकर समजते. मंत्रिपरिषद लोकसभेला सामूहिकरीत्या जबाबदार आहे, राज्यात ती विधानसभेला जबाबदार आहे. १७ एप्रिल १९९९ ला वाजपेयी सरकार विश्वासदर्शक ठरावावर २६९ विरुद्ध २७० असं एका मताने पडलं, ते याच तरतुदीमुळे. शिवाय २००३ च्या ९१ व्या घटनादुरुस्तीने मंत्र्यांची संख्या सभागृहाच्या १५ टक्क्यांवर रोखली. महाराष्ट्रात २८८ आमदारांमागे मुख्यमंत्र्यांसह ४३ मंत्री होतात. सगळेच मंत्री झाले तर प्रश्न कोण विचारणार?

पण बहुमत सरकारचंच असतं. सभागृह सरकारला खरंच आवरू शकतं का?

कागदावर साधनं भरपूर आहेत. तारांकित प्रश्न, लक्षवेधी, स्थगन प्रस्ताव, अविश्वास ठराव. सर्वांत मोठं साधन पैसा. कायद्याच्या आधाराशिवाय एक रुपयाही कर लावता येत नाही (अनुच्छेद २६५), आणि विनियोजन कायदा संमत झाल्याशिवाय एकत्रित निधीतून रक्कम काढता येत नाही. खर्च झाल्यावर कॅगचा (नियंत्रक व महालेखापरीक्षकांचा) अहवाल येतो, तो लोकलेखा समिती तपासते, आणि संसदेत त्या समितीचं अध्यक्षपद विरोधी पक्षाकडे देण्याचा संकेत १९६७ पासून पाळला जातो.

व्यवहारात मात्र एक मोठी अडचण आहे. १९८५ च्या ५२ व्या घटनादुरुस्तीने दहावी अनुसूची, म्हणजे पक्षांतरबंदीची तरतूद, आली. पक्षांतराचा बाजार थांबवणं हा हेतू रास्तच होता. पण पक्षादेश मोडणाऱ्याचं सदस्यत्व जाऊ शकतं हे कलम अविश्वास ठरावापुरतं ठेवलेलं नाही, ते कुठल्याही मतदानाला लागू होतं. सत्ताधारी बाकावरचा आमदार स्वतःच्या सरकारच्या एखाद्या साध्या विधेयकाविरुद्धही मत देऊ शकत नाही. जो सभासद सरकारचा हिशेब घेणार, त्याच्या मताची दोरी पक्षाच्या हातात आणि पक्ष सरकारच्या हातात. अपात्रता फक्त विश्वास-अविश्वासाच्या मतदानापुरती आणि तशाच मोजक्या प्रसंगांपुरती ठेवावी, असं दिनेश गोस्वामी समितीने १९९० मध्येच सुचवलं होतं. ते झालेलं नाही. न्यायालयाच्या कथित अतिक्रमणावर जेवढी शाई खर्च होते, त्याच्या निम्मी तरी या मुद्द्यावर व्हायला हवी.

राष्ट्रपती सर्वोच्च म्हणतात, मग ते स्वतः निर्णय का घेत नाहीत?

संघराज्याचे कार्यकारी अधिकार त्यांच्या नावे आहेत, पण वापरायचे मंत्रिपरिषदेच्या सल्ल्याने. १९७६ च्या ४२ व्या दुरुस्तीने हा सल्ला स्पष्ट शब्दांत बंधनकारक केला. १९७८ च्या ४४ व्या दुरुस्तीने एकदा फेरविचाराला परत पाठवण्याची मुभा दिली. फेरविचारानंतर तोच सल्ला आला तर मानावा लागतो. फाशीच्या दयेचा अर्जही याला अपवाद नाही.

राज्यपाल एखादं विधेयक किती दिवस अडकवून ठेवू शकतात?

अनुच्छेद २०० मध्ये मुदत दिलेली नाही, आणि भांडण तिथेच आहे. ८ एप्रिल २०२५ ला तमिळनाडूच्या प्रकरणात दोन न्यायाधीशांच्या पीठाने मुदती घालून दिल्या आणि अडकलेली दहा विधेयकं मंजूर झाल्याचं मानलं. त्यावर राष्ट्रपतींनी सर्वोच्च न्यायालयाचं मत मागवलं. २० नोव्हेंबर २०२५ ला पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने सांगितलं की संविधानात नसलेली मुदत न्यायालय घालू शकत नाही आणि विधेयक आपोआप मंजूर झालं असंही धरता येत नाही. मात्र राज्यपाल कारण न देता दीर्घकाळ स्वस्थ बसले, तर निर्णय घ्या एवढा मर्यादित आदेश न्यायालय देऊ शकतं. निर्णय काय घ्यायचा हे सांगणार नाही.

राज्यपालांच्या बाबतीत न्यायालय कुठपर्यंत जाऊ शकतं याचं आपल्या राज्यातलं उदाहरण ११ मे २०२३ च्या निकालात आहे. २०२२ च्या सत्तांतरात बहुमत चाचणी बोलावण्याइतपत आधार राज्यपालांपुढे नव्हता, असं घटनापीठाने म्हटलं. तरी आधीचं सरकार परत आणता आलं नाही, कारण मुख्यमंत्र्यांनी चाचणीला सामोरं न जाता राजीनामा दिला होता. आमदारांच्या अपात्रतेचा निर्णयही न्यायालयाने स्वतः न घेता विधानसभा अध्यक्षांकडे पाठवला. निकाल कोणाच्या बाजूने लागला यावर आजही वाद घालणारे भेटतात. मला त्यात तीन संस्थांच्या सीमारेषा जास्त दिसतात.

वटहुकूम म्हणजे सरकारने स्वतःच केलेला कायदा. हे चालतं कसं?

अधिवेशन चालू नसताना तातडीची गरज पडली तर अनुच्छेद १२३ खाली राष्ट्रपती आणि २१३ खाली राज्यपाल वटहुकूम काढतात, अर्थात मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने. सभागृह पुन्हा भरल्यापासून सहा आठवड्यांत मंजुरी मिळाली नाही तर तो संपतो. तात्पुरती सोय म्हणून हे ठीक आहे.

तात्पुरतेपणा कसा ताणता येतो हे पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेतले संशोधक डॉ. डी. सी. वाधवा यांनी उघड केलं. बिहारमध्ये १९६७ ते १९८१ या काळात २५६ वटहुकूम काढून पुन्हा पुन्हा जारी केले गेले होते, काही तर १४ वर्षं जिवंत ठेवले होते. अधिवेशन व्हायचं, वटहुकूम सभागृहापुढे मंजुरीला यायचाच नाही, अधिवेशन संपलं की तोच मजकूर नव्याने जारी. वटहुकूम कसे चालू ठेवायचे याचं परिपत्रकच खात्यांना गेलेलं होतं! वाधवा स्वतः याचिका घेऊन सर्वोच्च न्यायालयात गेले. डिसेंबर १९८६ मध्ये घटनापीठाने ही पद्धत संविधानाची फसवणूक ठरवली. २०१७ मध्ये सात न्यायाधीशांच्या पीठाने आणखी पुढे जाऊन सांगितलं की वटहुकूम सभागृहापुढे ठेवणं सक्तीचं आहे, आणि तो काढण्याइतकी निकड खरंच होती का हेही तपासता येतं.

एका संशोधकाने ग्रंथालयात बसून राजपत्रं चाळली नसती, तर हे कोणाच्या लक्षात आलं असतं का, असा प्रश्न पडतो. बिहारच्या विधानसभेत तेव्हा विरोधी पक्ष होतेच की.

जीआर म्हणजे कायदा का?

नाही. शासन निर्णय हा सरकारचा प्रशासकीय आदेश असतो. वरून खाली उतरंड अशी आहे: संविधान, मग विधिमंडळाने केलेला अधिनियम, मग त्या अधिनियमाने दिलेल्या अधिकारात सरकारने केलेले आणि राजपत्रात छापलेले नियम, आणि त्यानंतर जीआर किंवा परिपत्रक. नियमांत जागा मोकळी असेल तर जीआर ती भरू शकतो, पण अधिनियमाच्या किंवा नियमांच्या विरुद्ध जाऊ शकत नाही. कार्यालयात कोणी जीआर पुढे केला तर तो कोणत्या कायद्याखाली काढला आहे हे जरूर वाचा. प्रस्तावनेतल्या 'संदर्भ' या भागात ते बहुतेक वेळा सापडतं.

तहसीलदार सरकारी अधिकारी आहे. मग तो निकाल कसा देतो?

सामान्य माणसाला सत्ताविभाजनाचा पहिला अनुभव बहुधा इथेच येतो. शेजाऱ्याने शेतरस्ता अडवला तर मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ खाली दावा तहसीलदारापुढे चालतो. फेरफाराला, म्हणजे जमिनीच्या नोंदीतल्या बदलाला, हरकत आली तर मंडळ अधिकारी निर्णय देतो आणि अपील प्रांताधिकाऱ्याकडे जातं. ही अर्धन्यायिक कामं झाली. माणूस महसूल खात्याचा, पण त्या खुर्चीवर बसल्यावर त्याने दोन्ही बाजू ऐकायच्या, पुरावा बघायचा आणि कारणं लिहून निर्णय द्यायचा. वरिष्ठाच्या फोनवरून निर्णय देणं बेकायदा आहे. या निर्णयांवर शेवटचा शब्द त्यांचा नसतो. फेरफाराच्या नोंदीने मालकी ठरत नाही, ती दिवाणी न्यायालय ठरवतं. हे माहीत नसल्यामुळे लोक वर्षानुवर्षं चुकीच्या दारात अपिलं करत बसतात.

फौजदारी बाजू जास्त नाजूक आहे. इंग्रजी अमदानीत कलेक्टर आणि त्याचे हाताखालचे अधिकारी पोलिसांवर देखरेख करायचे आणि खटलेही चालवायचे. पकडणारा आणि शिक्षा देणारा एकच. ही जोडी मोडण्यासाठी मुंबई राज्याने १९५१ मध्येच स्वतंत्र कायदा केला. देशभर हे झालं ते १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेने, १ एप्रिल १९७४ पासून. तेव्हापासून न्यायदंडाधिकारी उच्च न्यायालयाच्या अखत्यारीत आले आणि कार्यकारी दंडाधिकारी सरकारच्या हाताखाली राहिले. दुसऱ्या गटाकडे शांतता राखण्याची कामं आहेत. जमावबंदी, पूर्वीचं १४४ कलम, आता १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १६३. आणि 'चॅप्टर केस', म्हणजे शांतता राखण्यासाठी बंधपत्र मागण्याची कारवाई, पूर्वी १०७, आता १२६. पोलीस आयुक्तालय असलेल्या शहरांत हे अधिकार पोलीस अधिकाऱ्यांनाच दिलेले असतात. म्हणजे अहवाल पोलिसांचा आणि त्यावर बंधपत्र मागणारा अधिकारीही पोलिसच. अनुच्छेद ५० चं काम इथे अपुरं राहिलं आहे असं माझं स्पष्ट मत आहे.

विधानसभेच्या कामकाजात न्यायालय पडू शकतं का?

कामकाजाच्या पद्धतीत काही चूक झाली, एवढ्या कारणाने नाही. अनुच्छेद १२२ आणि २१२ तसा मज्जाव करतात. बदल्यात न्यायाधीशांच्या वर्तनावर सभागृहात चर्चा करता येत नाही (१२१ आणि २११), अपवाद फक्त संसदेतल्या पदच्युतीच्या ठरावाचा. पण कृतीच संविधानाविरुद्ध असेल तर न्यायालय बघू शकतं.

ही रेषा १९६४ मध्ये उत्तर प्रदेशात आखली गेली, आणि ती गोष्ट विलक्षण आहे. गोरखपूरच्या केशव सिंह यांनी एका आमदाराविरुद्ध पत्रक छापलं. विधानसभेने हक्कभंगाबद्दल त्यांना समज द्यायला बोलावलं. तिथे त्यांनी अध्यक्षांकडे पाठ फिरवली आणि नंतर एक कडक पत्र लिहिल्याचं पुढे आलं, म्हणून सात दिवसांची कैद झाली. उच्च न्यायालयाच्या लखनौ पीठातल्या दोन न्यायाधीशांनी जामीन दिला. विधानसभेने त्या न्यायाधीशांनाच आणि वकिलालाही ताब्यात घेऊन सभागृहापुढे उभं करण्याचा ठराव केला! मग उच्च न्यायालयाचे सगळे २८ न्यायाधीश एकत्र बसले आणि ठरावाला स्थगिती दिली. राष्ट्रपतींनी सर्वोच्च न्यायालयाचं मत मागितलं. सरन्यायाधीश प्र. बा. गजेंद्रगडकर यांच्या पीठाने सहा विरुद्ध एक अशा बहुमताने सांगितलं की कैद झालेला माणूस न्यायालयात जाऊ शकतो आणि त्याचा अर्ज ऐकल्याबद्दल न्यायाधीशांना हक्कभंगात ओढता येत नाही. केशव सिंहांची याचिका पुढे उच्च न्यायालयाने फेटाळली. शिक्षा योग्यच ठरली, पण ती योग्य की अयोग्य हे न्यायालयाने तपासलं, आणि भांडण त्याच हक्काचं होतं.

आपल्याकडे ५ जुलै २०२१ ला बारा आमदार वर्षभरासाठी निलंबित झाले. २८ जानेवारी २०२२ ला सर्वोच्च न्यायालयाने ते निलंबन त्या अधिवेशनापलीकडे बेकायदा ठरवलं. गैरवर्तन झालं की नाही यात न्यायालय पडलं नाही. वर्षभर मतदारसंघ प्रतिनिधीविना ठेवणं ही शिक्षा बडतर्फीपेक्षा वाईट आहे, हा मुद्दा होता. बडतर्फीनंतर निदान पोटनिवडणूक तरी होते.

निवडून न आलेले न्यायाधीश निवडून आलेल्यांचा कायदा कसा रद्द करतात?

कारण संविधानाने ते काम त्यांना दिलं आहे. अनुच्छेद १३ म्हणतो की मूलभूत हक्कांशी विसंगत कायदा तेवढ्यापुरता निरर्थक. मराठा आरक्षणाचा २०१८ चा कायदा ५ मे २०२१ ला असाच रद्द झाला. घटनादुरुस्तीबाबत मर्यादा केशवानंद भारती खटल्यातून आली. २४ एप्रिल १९७३, तेरा न्यायाधीश, सात विरुद्ध सहा. संसद संविधान बदलू शकते, त्याची मूलभूत चौकट मोडू शकत नाही.

कायदेमंडळ निकालापुढे हतबल असतं असं नाही. कायद्यातला दोष काढून नवा कायदा करता येतो, तोही मागील तारखेपासून. मात्र दोष तसाच ठेवून 'निकाल काहीही असो, आमचा कर वैध' एवढंच लिहिता येत नाही. हे १९६९ च्या पृथ्वी कॉटन मिल्स खटल्यात ठरलं.

न्यायालय स्वतःच नियम करतं तेव्हा काय?

१९९७ च्या विशाखा निकालाने कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्ध मार्गदर्शक सूचना दिल्या, आणि कायदा होईपर्यंत त्याच लागू राहतील असं सांगितलं. कायदा आला २०१३ मध्ये. सोळा वर्षं! हे अतिक्रमण होतं की पोकळी भरणं? माझ्या मते दुसरं, पण एवढी वर्षं पोकळी ठेवणाऱ्यांना कोणी जाब विचारला नाही हे खटकतं. सगळीच उदाहरणं इतकी स्वच्छ नसतात. कुठल्या रस्त्यावर काय बांधावं इथपर्यंत आदेश जातात, तेव्हा चूक झाल्यास उत्तर कोणी द्यायचं हे कळेनासं होतं.

मग न्यायाधीशांना कोण विचारणार?

व्यवस्थेचा हा सर्वांत कच्चा भाग. सिद्ध झालेलं गैरवर्तन किंवा असमर्थता याच कारणांवर, दोन्ही सभागृहांत एकूण सदस्यांचं बहुमत आणि हजर राहून मतदान करणाऱ्यांचं दोन तृतीयांश बहुमत मिळालं तरच न्यायाधीश हटवता येतो. मे १९९३ मध्ये न्या. व्ही. रामस्वामी यांच्याविरुद्ध चौकशी समितीने दोष दाखवले होते. ठरावाच्या बाजूने १९६ मतं पडली, विरोधात एकही नाही, पण २०५ सदस्य तटस्थ राहिले आणि ठराव पडला. २०११ मध्ये न्या. सौमित्र सेन यांच्याविरुद्धचा ठराव राज्यसभेत संमत झाला, लोकसभेत येण्याआधी त्यांनी राजीनामा दिला.

नेमणुका १९९३ च्या निकालापासून न्यायवृंद (कॉलेजियम), म्हणजे ज्येष्ठ न्यायाधीशांचा गट, करतो. त्याऐवजी आणलेला राष्ट्रीय न्यायिक नियुक्ती आयोग १६ ऑक्टोबर २०१५ ला चार विरुद्ध एक मताने रद्द झाला. सरकारच्या हातात नेमणुका जाऊ नयेत हे पटतं. बंद दाराआड त्या व्हाव्यात हे पटत नाही.

केंद्र आणि राज्यातली वाटणी हीच का?

नाही, ती वेगळी. ती सातव्या अनुसूचीतल्या तीन सूच्यांत आहे, विषयांनुसार. पोलीस राज्याचा विषय, संरक्षण केंद्राचा, शिक्षण १९७६ पासून समवर्ती.

निवडणूक आयोग आणि कॅग कुठल्या शाखेत?

कुठल्याच नाही असं समजणं सोयीचं. संविधानाने त्यांना स्वतंत्र उभं केलं आहे.

माझ्यावर सरकारी निर्णयाने अन्याय झाला. जायचं कुठे?

आधी त्या कायद्यातलं अपील बघा. राज्य सरकारी कर्मचाऱ्यांच्या सेवेचे वाद आधी मॅटपुढे (महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणापुढे) जातात. तो मार्ग संपला किंवा नसेलच तर अनुच्छेद २२६ खाली उच्च न्यायालय. मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगर, गोवा, आणि १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरचं सर्किट बेंच. अनुच्छेद ३२ खाली थेट सर्वोच्च न्यायालयात जाता येतं, पण फक्त मूलभूत हक्कांसाठी, आणि तिथेही आधी उच्च न्यायालयात जा असं बहुधा सांगतात. रिट याचिकेत साक्षीपुरावे तपासत बसत नाहीत, त्यामुळे वस्तुस्थितीचाच वाद असेल तर दिवाणी दावा बरा. आणि अधिकाऱ्याने काम करावं असा आदेश हवा असेल तर आधी त्याच्याकडे लेखी मागणी केलेली असावी लागते. तिची शिक्क्यासह पोच घ्या, याचिकेला ती जोडावी लागते.